सिनेमा पडला, बरं झालं

ह्या वर्षी थंडी उशिरा आली, पण कणसं वेळेवर भरली. संक्रांत तोंडावर आली तसा मोडनिंबहून दिरांचा फोन आला, "वैनी, या आता. दाणा दुधात हाय. आज-उद्या करत बसलात तर दगड हुतोय त्याचा." मग आम्ही सगळे सोलापूरहून रानात आलो. बांधाच्या कडेला आगटी पेटली. खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या लाल विस्तवात कणसं खुपसली, आणि तो वास सुटला. हिरवा, ओला, थोडा करपलेला, थोडा दुधाचा. आमच्याकडे हुरड्याचे दिवस दिनदर्शिकेत बघावे लागत नाहीत. नाकालाच कळतात.

समोर वन्सं बसल्या होत्या, माझी थोरली नणंद. आता पंच्याहत्तरीला आल्या, पण हात अजून चिवट. गरम कणीस तळहातावर घेऊन चोळतात आणि चटका बसला तरी तोंड वाकडं करत नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांची नात प्राजू. ती पुण्याला शिकते. आदल्या दिवशी सोलापुरात मैत्रिणींबरोबर कुठला तरी नवा सिनेमा बघून आली होती आणि आल्यापासून त्या सिनेमाच्या नावानं खडे फोडत होती.

"मामीआजी, डोकं उठलं गं! सहा महिने वाट बघितली होती आम्ही. नुसती जाहिरात भारी. आत काही नाही. शेवटी तर लोक मोबाईल काढून बसले."

"पडला म्हण की," वन्सं म्हणाल्या.

"पडला काय, आपटला!"

मला हसू आलं. ते मी पदरात धरलं, पण वन्संनी बघितलंच. त्याही हसल्या. प्राजूला वाटलं आम्ही तिला हसतोय. ती फुगून हरभऱ्याच्या डहाळ्याकडे वळली.

पडणं हा शब्द तसा वाईटच. अवकाळी आला की उभी ज्वारी पडते आणि घरात कुणी नीट जेवत नाही. भिंत पडते, माणूस आजारी पडतं, निवडणुकीत कुणी पडलं की त्याच्या गल्लीत दिवे लवकर विझतात. पण सिनेमा पडला असं कुणी म्हटलं की माझ्या छातीतून एक मोकळा श्वास निघतो. एक पडलेला सिनेमा माझ्यावर फार मोठे उपकार करून गेलेला आहे. ह्या वासात बसलं की तो आठवतोच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर चांगलं होतं, पण गुरुजी पुस्तक देऊन उभं करायचे तेव्हा माझा आवाज गळ्यातच बसायचा. "मोठ्यानं वाच," ते म्हणायचे. मी वाचायचे. "अगं मोठ्यानं!" मी आणखी हळू वाचायचे. मोठ्यानं म्हटलं की माझं उलटंच व्हायचं. लग्न होऊन सोलापूरला आले तर घराला लागूनच मागाचा कारखाना. पहाटेपासून खटाखट खटाखट. जेवताना ताटातला पापडसुद्धा थरथरायचा. त्या गल्लीत सगळे एकतर ओरडून बोलायचे, नाहीतर नुसते ओठ हलवून. मागावरची माणसं दिवसभर त्या आवाजात राहतात. धोट्याच्या खडखडाटात कोण किती ओरडणार? म्हणून ती एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. लांबून कुणी बघितलं तर वाटेल, मुकी माणसं भांडतायत.

मी नवी नवरी. पाणी हवं का विचारलं तर कुणालाच ऐकू जाईना. जो तो म्हणे, "मोठ्यानं बोल की गं! तोंडात गूळ धरलाय का?"

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, तर काहीच ऐकू यायचं नाही. जन्म मागावर गेलेला, कान कधीच गेले होते. पहिल्या आठवड्यात एकदा मी त्यांच्यासमोर भाकरी ठेवली आणि घाबरत घाबरत काहीतरी विचारलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मनात म्हटलं, संपलं. ऐकणाऱ्यांना ऐकू जात नाही, तिथं यांना काय जाणार. आत्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय, चटणी पायजे. शेंगाची." मी बघतच राहिले. तेव्हा त्या हसल्या. "तू ओठ हलीव नुसती. मला दिसतंय."

त्या दिवसापासून आमच्या दोघींच्या बोलण्याला आवाज लागला नाही. मी ओठ हलवायचे, त्या बघायच्या. पीठ संपलं, पोट दुखतंय, आईची आठवण येते, सगळं. जन्मात कुणाशी बोलले नसेन तेवढं मी त्या बहिऱ्या बाईशी बोलले. घरातल्यांना वाटायचं, दोघी गप्प बसून गहू निवडतायत.

हुरड्याला आलो की आत्या आगटीजवळ बसायच्या. मी त्यांच्यासमोर मांडीवर दोन्ही तळवे उघडे ठेवून बसायचे, लहान पोर बसतं तसं. पहिलं कणीस त्या चोळायच्या, कूस फुंकून उडवायच्या आणि हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायच्या. पहिली मूठ माझी. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदा वन्सं चेष्टेनं म्हणाल्या होत्या, "आई, पोटची लेक हितं बसलीया आन पयला घास सुनंला व्हय?" आत्यांनी न ऐकल्यासारखं केलं. बहिऱ्या माणसाला ती एक सोय असते.

आणि मग आत्या गेल्या.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका हेल काढून रडतात. आलेली बाई दारातूनच हाक घालत येते, मेलेल्याचे गुण गात येते, घरातलीच्या गळ्यात पडते. घरातलीनं तसाच सूर धरायचा असतो. रडण्याची ही रीत आहे आणि ती येत नसेल तर बाई कोरडी ठरते. वन्सं तर त्यात नावाजलेल्या. त्यांनी दारात "आये, माजं म्हायार घिऊन गेलीस गं" असा टाहो फोडला आणि रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा थांबले. त्या माझ्या गळ्यात पडल्या. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही काय म्हणते म्हणून. मला काही म्हणता येईना. सूर नाही, आवाज नाही, आणि लोक बघतायत म्हटल्यावर डोळेसुद्धा सुकून गेले. ज्या बाईशी मी कधी आवाजानं बोललेच नव्हते, तिला आता आवाजानं कशी हाक मारू? जिला ओठ दिसायचे ती डोळे मिटून पडली होती.

वन्सं माझ्या गळ्यातून बाजूला झाल्या. एवढंच म्हणाल्या, "सुनंचं एक टिपूस न्हाय लाभलं माज्या आईला."

मग ते वाक्य गावभर झालं. लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला. "दगडाला पाझर फुटंल, इंदूला न्हाय." इंदू म्हणजे मी. मी रात्री उशीत तोंड घालून रडायचे ते कुणाला सांगणार? आणि सांगून तरी काय, रडल्याची पावती थोडीच मिळते. त्यापेक्षा वाईट म्हणजे वन्संनी आमच्याकडे येणं बंद केलं. आई गेल्यावर बाईचं माहेर भावजयीच्या हातात असतं. तिनं चहा टाकला तर माहेर, नाही तर नुसतं भावाचं घर. मी चहा टाकायला तयार होते, वन्सं प्यायला येत नव्हत्या. हुरड्याच्या दिवसांत आमचे हे कणसं घेऊन त्यांच्या घरी जायचे. त्या पिशवी घ्यायच्या, आणि आम्हाला मागून कळायचं, सगळी कणसं शेजारी वाटून टाकली, एक दाणा तोंडात घातला नाही.

त्यानंतरच्या एका थंडीत आमच्या रानात सिनेमावाले आले.

पुण्याची माणसं. दिरांच्या ओळखीतून आली होती. त्यांना ज्वारीचं उभं रान हवं होतं, विहीर हवी होती, आणि रडायला बायका हव्या होत्या. आम्ही नेमके हुरड्याला आलेलो, गल्लीतली दोन-तीन घरंही सोबत. त्यातच आमचे शेजारी दत्तूमामा. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. पोट मोठं, मिशा मोठ्या, बोलणं त्याहून मोठं. सिनेमात गावचा पाटील मरतो, त्याचं मढं व्हायला कुणी तयार होईना. आमच्याकडे जिवंत माणसानं मढं होऊन झोपणं अशुभ. दत्तूमामा छाती काढून पुढं झाले.

"मी झोपतो. एका फुंकेत अख्खं धृपद काढणारा माणूस हाय मी! माजा दम बगा. पोट हाललं तर बँड सोडून दीन."

"मामा, नुसतं पडायचंय, वाजवायचं नाही," दिग्दर्शक म्हणाला. कोवळा पोरगा होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सगळ्यांना अहो-जाहो करायचा.

आम्हा बायकांना मढ्याभोवती बसवलं. पँट घातलेल्या एका पोरीनं येऊन सांगितलं, "मावशी, तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं, मालक, आम्हाला सोडून कुठं गेलात. आणि रडायचं." मग ती एकेकीच्या डोळ्यात काहीतरी घालत आली. माझ्या जावेनं डोळे गच्च मिटले. आमच्या तेलुगू शेजारीण लक्ष्मीअक्का ओरडल्या, "अय्यो! मिरची घातली की काय गं बाई!" सगळ्या डोळे चोळत, नाक पुसत बसल्या. मी शेवटच्या टोकाला, मामांच्या पोटाजवळ. माझ्या डोळ्यांची पाळी यायची होती.

"तुम्ही हात असे ठेवा," त्या पोरीनं मला सांगितलं आणि माझे दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले. "मोकळे. जसं काही सगळं हातातून गेलंय."

नेमकं त्याच वेळी कॅमेऱ्याच्या मागं कुणीतरी नटीला दाखवायला आगटी पेटवली होती. कणसं घातली असावीत. वारा आमच्याकडे वळला. तो वास आला, आणि माझी ओंजळ मांडीवर उघडी, रिकामी, तशीच्या तशी.

कॅमेरा कधी सुरू झाला, पुढचं काही मला नीट आठवत नाही. डोळ्यांतून जे लागलं ते थांबेना. समोर पांढऱ्या कापडाखाली दत्तूमामा होते, मला ते दिसलेच नाहीत. मी ओठांनी बोलत होते. "आत्या, हुरडा झालाय. उठा की. मी कुणाच्या हातचा खाऊ?" आवाज नव्हताच. तेवढंच पुन्हा पुन्हा.

"कट!" तो पोरगा पळत आला. "मावशी, काय रडलात! आवाज अजिबात आला नाही, पण असू दे, वरून संगीत टाकू."

बाकीच्या बायकांचे डोळे अजून मिटलेले होते. मामांचे तर मिटलेलेच असायला हवे होते. वन्सं तिथं नव्हत्या, आमच्या रानात त्या पाऊल टाकत नव्हत्या. म्हणजे मला रडताना आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही. जावेनं माझे सुजलेले डोळे बघून विचारलं तर मी म्हटलं, "कूस गेली गं." हुरड्याची कूस डोळ्यात जाते, ते सगळ्यांना पटतं.

आणि मग घरी परत येताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. तिथं कुणी बघितलं नाही, पण तो कॅमेऱ्याचा डबा बघत होता. सिनेमा लागणार. गाव बघणार. वन्सं बघणार. बघून काय म्हणतील ते मला त्यांच्या आवाजात ऐकू यायला लागलं. "खोट्या मढ्याला धारा, आन माज्या आईला कोरडी." काय सांगणार, मी आत्यांसाठीच रडले म्हणून? कोण विश्वास ठेवणार? बंद दाराला आणखी एक कुलूप लागणार होतं, आणि ते मरेपर्यंत निघालं नसतं.

ते वर्ष मी त्या धाकात काढलं. दत्तूमामांनी बँडच्या दुकानात सिनेमाचं चित्र लावलं. त्यात मढं नव्हतं, पण ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचे, "ह्या झाडाच्या मागं मी हाय." टेंभुर्णीच्या पाहुण्यांना त्यांनी कळवलं. मिशीला काळा रंग लावला. त्यांच्या आनंदाकडे बघवायचं नाही मला. कारण त्या संक्रांतीला मी सिद्धरामेश्वराच्या पायरीवर डोकं टेकवून आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट मागितलं होतं. देवा, हा सिनेमा पडू दे. लागूच नये असं मागायला हवं होतं, पण तेवढं सुचलं नाही.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आख्खी गल्ली निघाली. आपलं रान पडद्यावर दिसणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय? मला डोकं दुखतंय म्हणायचं होतं, पण ते मोठ्यानं म्हणावं लागलं असतं. थेटरात गेल्यावर मी नेहमीसारखी मागं उभी राहिले, सगळे बसू देत म्हणून. सगळे बसले. एकच खुर्ची राहिली. तिच्या शेजारी वन्सं. त्या त्यांच्या घरच्यांबरोबर परस्पर आलेल्या. भावाचं घर वर्ज्य होतं, पण बापाचं रान पडद्यावर बघायला त्या आल्याच. मी बसले. त्यांनी पदर सावरून घेतला, माझा हात लागू नये इतपत.

दिवे गेले. आमचं रान दिसलं. टाळ्या, शिट्ट्या. मी डोळे मिटून देवाला आठवण करून दिली.

आणि देवानं मनावर घेतलं म्हणायचं.

गोष्ट दुष्काळाची होती. नट आभाळाकडे बघून ओरडत होता, "पाण्याचा थेंब नाही रे!" आणि त्याच्या पाठीमागं आमची ज्वारी, पुरुषभर उंच, हिरवीगार, वाऱ्यावर डोलत. "आरं मागं बग की!" कुणीतरी ओरडलं. "दुष्काळ कुटं हाय? आमच्या शेतात पाठीव असला दुष्काळ!" थेटर हसलं. मग नटी आली. तिच्या हातात भाजलेलं कणीस दिलेलं. तिनं ते मक्यासारखं धरलं आणि थेट दातांनी चावलं. पुढच्या रांगेतली म्हातारी कळवळून म्हणाली, "आगं टोचंल, टोचंल! कुसळं असत्यात गं बाय!" नटीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलेलं दिसलं, पण तिला त्या वेळी प्रेमाचं गाणं म्हणायचं होतं. लोक लोळायला लागले. मध्यंतरापर्यंत निम्मे कंटाळले, शेंगदाण्याची टरफलं उडायला लागली. टेंभुर्णीचे पाहुणे मामांना विचारत होते, "तुमचं कवा हाय?" मामा म्हणाले, "थांबा. मी आल्यावर बगा."

मामा आले.

अंगणात पांढरं कापड, त्याखाली मामा. भोवती आम्ही. वाजंत्री सुरू झाली, कान फाटतील एवढी. मग कॅमेरा हळूहळू एकेकीवरून सरकत शेवटाकडे यायला लागला, आणि माझा चेहरा भिंतीएवढा होऊन समोर उभा राहिला. नाकातली चमकी ताटाएवढी. डोळ्यांतून धारा. मला वाटलं खुर्चीखाली जावं.

पण माझ्या चेहऱ्याच्या खाली, पडद्याच्या कोपऱ्यात, दत्तूमामांचं पोट होतं. मामांनी दम धरलेला होता खरा. अख्खं धृपद होईल एवढा धरला असेल. पण सोडायची वेळ आल्यावर तो एकदमच सुटला. पांढरं कापड पुरीसारखं टम्म फुगलं आणि फुस्स करून बसलं. पुन्हा फुगलं.

"मढं जित्तं हाय!"

"मामा, उठा! चहा गार हुतोय!"

"आरं बँड वाजवाय लागलंय आतल्या आत!"

काय हसलं ते थेटर! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. लक्ष्मीअक्का तेलुगूत काहीतरी ओरडून डोळे पुसत होत्या. सगळ्यांची बोटं त्या पोटाकडे. माझ्या तोंडाकडे एक माणूस बघत नव्हता. मी वर्षभर धरून ठेवलेला श्वास मामांच्याबरोबरच सोडला. पडला. सिनेमा पडला. सुटले मी.

तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

वन्सं हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या, पोटाकडे नाही, वर. माझ्या ओठांकडे. पडद्यावरचे माझे ओठ हलत होते. आवाज संगीताखाली गाडलेला, नव्हताच तो. पण वन्संचं पण निम्मं आयुष्य मागाच्या आवाजात गेलेलं. आत्यांच्याच मागाखाली त्या रांगल्या होत्या. बाकीच्यांना तिथं एक रडकी बाई दिसत होती. त्यांना मी काय बोलतेय ते दिसत होतं.

पडदा बदलला. वन्सं माझ्याकडे वळल्या. थेटरात मागाच्या कारखान्यासारखाच गदारोळ चालला होता, ओरडून काही कळलं नसतं. त्यांनी नुसते ओठ हलवले.

"आईला?"

मी मान डोलवली.

"हुरडा म्हणालीस."

मी पुन्हा मान डोलवली. त्यांनी मनगट सोडलं नाही. रिक्षा थांबतील असा टाहो फोडणारी ती बाई त्या सगळ्या हसण्याच्या मधोमध आवाज न करता रडली. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. मी पण रडले. आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी बघून पुढची म्हातारी म्हणाली, "हसून हसून पाणी आलं बगा पोरींना."

बाहेर आलो तर जो तो सिनेमावाल्याला शिव्या देत होता. दुपार वाया गेली, डोकं पिकलं, असला भिकार सिनेमा जन्मात बघितला नाही. दत्तूमामा पानाच्या टपरीआड उभे होते, काळ्या मिशा खाली आलेल्या. पाहुणे कुठं दिसेनात. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचा सिनेमा माझ्या मागण्यानं पडला असं वाटत होतं. वन्सं सरळ त्यांच्यासमोर गेल्या.

"मामा, मेल्यावर माणसं रडीवत्यात. तुमी हसीवलंत. कुणाला जमतंय का सांगा?"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "बाकी दम तेवढा चांगला धरला हुता की न्हाय?"

"लई बेस धरला हुता. सोडला तेवढा वाईट."

ते हसले तेव्हा मला बरं वाटलं. त्यांनी बँड सोडला नाही. पुढं वराती वाजवताना स्वतःच सांगायचे, मेलेला माणूस वाजवतोय, नीट नाचा.

वन्संना न्यायला त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन आलेला. त्या रिक्षात बसल्या नाहीत. आमच्या गल्लीकडे वळल्या आणि चालायला लागल्या. आमचे हे आणि मी मागं मागं. घरात शिरल्यावर त्या आत्यांच्या नेहमीच्या जागेवर, खांबाला टेकून बसल्या. म्हणाल्या, "इंदू, चहा टाक. साखर कमी घाल, मला आता चालत न्हाय."

पाणी उकळेपर्यंत मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. साखर कमी घातली. कप नेला तेव्हा वन्संनीच बशी पुढं करून धरली.

पडद्यावर काय दिसलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त ते टिपसाचं वाक्य त्यानंतर कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. सिनेमा चार दिवसांत उतरला. त्या जागी दुसरा लागला, त्याला म्हणे गर्दी झाली. कधीकधी मला त्या डोळ्यांखाली काळं असलेल्या पोराची आठवण येते. त्यानं जीव ओतला असणार. कुठल्या तरी थेटराच्या शेवटच्या रांगेत बसून त्यानंही ते हसणं ऐकलं असेल. त्याला कुणी सांगितलं नसेल की त्याचा सिनेमा एका जागी चालला होता. दोन खुर्च्यांपुरता. चांगला निघाला असता तर माझं रडणं गावभर झालं असतं. वाईट निघाला म्हणून ते ज्यांना दिसायला हवं होतं तेवढ्यांनाच दिसलं. तो कधी मोडनिंबच्या रस्त्यानं गेला तर त्याला बोलवून हुरडा खायला घालावा असं फार वाटतं. पण मी हाक मारलेली त्याला ऐकू जायची नाही.

आता गल्लीतले माग बरेचसे बंद झालेत. पापड थरथरत नाही. प्राजूच्या वयाच्या पोरांना ओठांवरचं बोलणं कळत नाही, त्यांना ते शिकायची गरजही पडली नाही.

ऊन कललं होतं. प्राजूचा राग निवला तशी ती आगटीजवळ सरकली. "आजी, तू कधी एवढा वाईट सिनेमा बघितलायस का गं?"

"बगितलाय की," वन्सं म्हणाल्या. "लई भिकार. मढं श्वास घेत हुतं."

"ई! मग उठून का नाही आलीस?"

वन्सं पुढं वाकल्या. त्यांनी विस्तवातून एक कणीस ओढलं, तळहातावर चोळलं, कूस फुंकली. मी मांडीवर तळवे उघडे ठेवले होते, मला ते कळलंही नव्हतं. पहिली मूठ त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली. दाणे गरम होते. मी त्यांच्याकडे बघून ओठ हलवले.

"काय म्हणालीस मामीआजी?" प्राजू म्हणाली. "मोठ्यानं बोल की!"

"ऱ्हाऊ दे तिला," वन्सं दुसरं कणीस उचलत म्हणाल्या. "मला दिसतंय."